आठ दिवसांचा पावणो

घोडा आणला तेव्हा तुळसा मागच्या दारी पाय पसरून बसली होती. मे महिना संपत आला होता आणि तोंडवलीच्या किनाऱ्यावरची पर्यटकांची गर्दी ओसरली होती. तिचा नवरा गंगाराम जाऊन चार महिने झाले होते. त्याआधीची नऊ वर्षं तो खाटेवर होता. नारळ पाडताना माडावरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. नऊ वर्षं त्याला कुशीवर वळवणं, पुसणं, भरवणं हेच तुळसाचं काम. तो गेल्यावर भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, "सुटलंस गो बाई." आपण सुटलो की नाही, ते तुळसाला कळलं नव्हतं. रात्रभर झोपूनही सकाळी अंग तसंच जड असायचं, एवढं कळत होतं.

शेजारचा गुरुदास कुंपणाशी येऊन उभा राहिला. त्याच्या खांद्याला पट्टी होती.

"वयनी, तुमचो गोठो रिकामो आसा मां?"

"आसा. कित्याक?"

"एक घोडो आसा."

गुरुदासच्या मागून जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर नम्रता पुढे आल्या. तिशीची बाई, घाटावरून बदली होऊन आलेली, बोलणं पुस्तकी मराठीतलं. त्यांनी सगळं सांगितलं. किनाऱ्यावर मुलांना फेऱ्या मारून आणणारा एक माणूस हंगाम संपल्यावर निघून गेला. शेवटच्या आठवड्यात घोडा कुणाला पाठीवर बसूच देत नव्हता, म्हणून तो त्याला सुरूच्या बनात बांधून गेला. दोर हातभर लांबीचा. चौथ्या दिवशी सरपणाला गेलेल्या बायकांना तो दिसला, तेव्हा त्याने तोंड पोचेल तेवढी झाडाची साल सोलून खाल्ली होती. गुरुदास सोडवायला गेला, तर घोडा त्याच्या खांद्याला चावला.

"फक्त आठ दिवस, तुळसाताई," डॉक्टर म्हणाल्या. "तोवर मी कुठेतरी सोय करते. गवत मी पाठवीन."

नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, वर दोन वाक्यं बोलावी लागली असती. तुळसाने मान हलवली आणि गोठ्याची किल्ली दिली.

चार माणसांनी दोन बाजूंनी दोर ताणून घोड्याला आत घातलं. तांबूस रंगाचा, हाडं वर आलेला घोडा. तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांत लगामाने चिरलेलं होतं आणि पाठीवर खोगिराच्या जागी तळहाताएवढी जखम होती, ओली. आत जाताच त्याने मागच्या पायांनी भिंतीवर लाथ घातली. वरची दोन कौलं घसरून खाली फुटली.

"तेचा नाव काय?" तुळसाने विचारलं.

"बीचवर राजा म्हणत," गुरुदास म्हणाला.

'राजा' कानावर पडताच घोड्याने कान मागे पाडले आणि दात दाखवले. तुळसाने तेवढं लक्षात ठेवलं. त्या नावाने तिने त्याला कधी हाक मारली नाही. आठ दिवस राहायला आलेला, म्हणून ती त्याला पावणो म्हणायला लागली.

आठाचे पंधरा झाले, पंधराचा महिना झाला. डॉक्टर नम्रता येताना मान खाली घालून यायच्या. "अजून जागा मिळाली नाही हो."

"बरा," तुळसा म्हणायची.

घोडा कुणाच्या देखत खात नसे. तुळसा आडव्या बांबूच्या अलीकडे गवत टाकायची, बादली सरकवायची आणि वळायची. ती वळली की तो बांबूवर लाथ मारायचा. दर मंगळवारी डॉक्टर दोन माणसं आणायच्या, त्याला दोरांनी आवळायचं, जखम धुवायची. त्यानंतरचे दोन दिवस तो अन्नाला तोंड लावत नसे आणि जखम पुन्हा चिघळायची.

गोठ्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात तुळसाच्या झावळ्या ठेवलेल्या असत. झावळ्यांच्या पात्यांतल्या काड्या, हीर, सोलून ती केरसुण्या बांधायची आणि आचऱ्याच्या एका दुकानात द्यायची. गंगारामच्या खाटेजवळ बसून करता येण्यासारखं हेच एक काम होतं, तेव्हापासून तिला त्याची सवय. पाऊस सुरू झाला तसं बाहेर बसणं संपलं. मग ती गोठ्यात, बांबूपासून चार हातांवर, घोड्याकडे पाठ करून बसायला लागली. समोर तोंड करून बसली की तो दात दाखवायचा, आणि ते बघत बसायची तिला ताकद नव्हती.

"मी हय बसतंय," पहिल्या दिवशी ती म्हणाली. "तू तुझा खा. माका तुझ्याकडसून काय नको."

त्याने खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पाचव्या की सहाव्या दिवशी पाठीमागून गवत चावल्याचा आवाज आला. तिने मागे वळून बघितलं नाही. हातातला हीर सोलत राहिली.

एकदा दुपारी बसल्या बसल्या तिला डोळा लागला. जाग आली ती मानेवर गरम श्वास लागल्यामुळे. घोडा बांबूवरून मान लांब करून तिच्या केसांचा वास घेत होता. खोबरेल तेलाचा असावा. डोकं चावलं तर काय, असं तुळसाच्या मनात आलं. पण उठायचं म्हणजे गुडघ्यावर हात टेकून, कण्हत उठावं लागलं असतं, आणि तेवढ्यात तो बिथरला असता. ती तशीच बसून राहिली. थोड्या वेळाने त्याने मान काढून घेतली.

त्यानंतर आठवड्याभरातच ते घडलं. सकाळपासून वारं होतं. तुळसा एका हातात गवताचा भारा आणि दुसऱ्या हातात छत्री घेऊन गोठ्यात शिरली. दारातच वाऱ्याने छत्री फटकन उलटली. घोडा मागच्या पायांवर उभा राहिला, खाली येताना बांबू मोडला, आणि मोडका बांबू तुळसाच्या मनगटावर बसला. ती शेणात पडली.

पडल्या पडल्या तिला काय झालं कोण जाणे. कधी नव्हे ती ओरडली.

"मेल्या! दोन टायम आणून देतंय, तुझी घाण काढतंय, आणि तू माका मारतंस? नऊ वर्सा ह्याच केलंय मी! नऊ वर्सा! तुका ताट भिरकावक बरा गावला, माझ्या अंगावर शिव्या घालूक बऱ्यो गावल्यो. एक दिस तरी विचारलंस काय, तुळसा, तुझा काय दुखता काय म्हणान?"

घोड्याने कधी ताट भिरकावलं नव्हतं. आपण कुणाशी बोलतोय ते तुळसाच्या लक्षात आलं तेव्हा तिचा आवाज बसला होता. घोडा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे मागचे पाय थरथरत होते. ती कशीबशी उठली, घरात गेली, मनगटाला फडकं गुंडाळून आडवी झाली. त्या दिवशी तिने त्याला काही घातलं नाही. रडलीही. गंगाराम गेला तेव्हा माणसांच्या चहापाण्यात ते राहून गेलं होतं.

दिवेलागणीला मात्र तिला राहवेना. डोक्यावर गोणपाट घेऊन ती अंगण ओलांडून गेली. घोडा अजून तसाच उभा होता.

"माझा चुकला," ती म्हणाली. "ती छत्री परत हाडूचंय नाय."

गवत टाकून ती परत आली. छत्री तिने पुढच्या पडवीत खुंटीला लावली, आणि उरलेला पावसाळा ती गोणपाट घेऊनच गोठ्यात जात राहिली.

पुढच्या मंगळवारी डॉक्टर दोन माणसं आणि दोर घेऊन आल्या, तेव्हा तुळसा दारात आडवी उभी राहिली.

"डॉक्टरबाई, ह्या असा नको. औषध माझ्याकडे देवन ठेवा."

"तुम्ही लावणार? तो जवळ येऊ देतो?"

"नाय देत. पण दोरान बांधून तर अजिबात देवचो नाय."

डॉक्टरांनी तिच्या मनगटाकडे बघितलं. औषधाची बाटली आणि कापूस ठेवून गेल्या. जखमेत अळ्या दिसल्या तर मात्र लगेच फोन करायचा, असं बजावून गेल्या.

नऊ वर्षांत तुळसा एक गोष्ट शिकली होती. सुरुवातीला ती गंगारामला न सांगता वळवायची, आणि तो किंचाळायचा. दुखत नसलेल्या बाजूलासुद्धा. मग ती आधी सांगायला लागली, "हात लावतंय हां," आणि जरा थांबायची. त्यामुळे त्याच्या शिव्या थांबल्या नाहीत, पण किंचाळणं थांबलं.

ती तेच करायला लागली. घोड्याच्या खांद्याजवळ उभी राहायची, सांगायची, "हात लावतंय हां," आणि हात त्याच्या मानेपासून वीतभर लांब धरायची. त्याची कातडी थरथरायची. त्याने कान मागे नेण्याआधीच ती हात काढून घ्यायची आणि हीर सोलायला बसायची. रोज सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. त्यापेक्षा जास्त करण्याइतका जीव तिच्यात नव्हता. काही दिवस उलटेच जायचे. कालपर्यंत उभा राहणारा घोडा आज दुसऱ्या टोकाला जाऊन फुरफुरायचा, मग ती "बरा, र्‍हवांदे," म्हणून परत यायची.

तेराव्या दिवशी तिची बोटं त्याच्या मानेला टेकली. गरम, ओलसर, खरखरीत कातडी. त्याने श्वास रोखून धरला होता. तिनेही. मग तिने हात काढून घेतला.

जखमेपर्यंत पोचायला अजून तीन आठवडे गेले. श्रावण संपत आला तेव्हा ती कोमट पाण्याने जखम धुवायची, औषध लावायची, आणि घोडा मान खाली घालून तिच्या पदराचं टोक ओठांनी चिवडत उभा राहायचा. तोंडातल्या चिरा भरल्या होत्या. ती त्याला मऊ सुती दोराची म्होरकी घालायला लागली.

डॉक्टर नम्रतांनी ते बघितलं तेव्हा बराच वेळ त्या दारातच उभ्या होत्या. "कसं जमवलंत?"

"जमवचा काय तेच्यात? माका घाई नव्हती," तुळसा म्हणाली. "आता जरा बसतंय हां, गुडघो दुखता."

पाऊस उघडल्यावर तिने त्याला बाहेर काढायला सुरुवात केली. घरामागे, सुरूंच्या अलीकडे पुळणीवर, वाळूतच, थोडं गवत उगवायचं. तिथे तो दोन-दोन तास चरायचा. तुळसा नारळाच्या बुंध्याला टेकून बसायची. एवढं बरं तिला खूप दिवसांत वाटलं नव्हतं.

सप्टेंबरच्या अखेरीस एका सकाळी घोडा उभा राहीना. लोळायचा, उठायचा, वळून आपल्या पोटाकडे बघायचा, पुन्हा आडवा पडायचा. अंग घामाने भिजलेलं. तुळसाने फोन लावला.

"लोळू देऊ नका," डॉक्टर म्हणाल्या. "चालवत राहा. हळूहळू, पण थांबू नका. मी निघतेच आहे, पण दीड तास लागेल."

तुळसाने म्होरकी धरली. "ऊठ रे पावण्या. दुखता तुका, माका कळता. पण ऊठ."

तो उठला. घरापासून रस्त्यापर्यंत आणि रस्त्यापासून घरापर्यंत, ती त्याला घेऊन चालत राहिली. गुडघ्यात प्रत्येक पावलाला कळ येत होती. गुरुदास म्हणाला, "वयनी, माझ्याकडे द्या," आणि त्याने दोर धरताच घोडा जागच्या जागी आडवा व्हायला लागला. तुळसाने दोर परत घेतला. दीड तासाचे दोन तास झाले. तिला मोजायलाही सुचलं नाही, नुसतं समोरचं पाऊल टाकायचं एवढंच डोक्यात.

डॉक्टर आल्या. नाकातून नळी घालून पोटात तेल सोडावं लागेल, त्यासाठी भुलीचं इंजेक्शन द्यावं लागेल, पण तो इतका अशक्त झालाय की भीती वाटते, असं त्या म्हणाल्या.

"मी उभी र्‍हवतंय तेच्यापाशी," तुळसा म्हणाली. "तुमी काय करतास ता माका आधी सांगा. मी तेका सांगतंय."

भूल न देता तसंच केलं. डॉक्टर सांगायच्या, तुळसा घोड्याच्या कानाशी तेच मालवणीत सांगायची. नळी आत जाताना त्याचे डोळे पांढरे झाले. पण त्याने पाय उचलला नाही. कपाळ तुळसाच्या छातीवर दाबून उभा राहिला, इतक्या जोराने की ती मागच्या भिंतीला टेकली.

संध्याकाळी त्याचं पोट मोकळं झालं. डॉक्टरांनी थोडी लीद बादलीभर पाण्यात कालवली, थांबल्या, वरचं पाणी ओतून टाकलं आणि बादली तुळसापुढे केली. तळाशी बोटभर वाळू बसली होती.

"पुळणीवर चरताना पोटात गेलीय. ही पुन्हा साठणार. पुढच्या वेळी वाचेलच असं नाही, ताई. याला मातीच्या जमिनीवर न्यायला हवं."

तुळसा बादलीकडे बघत राहिली. आपणच त्याला तिथे नेत होतो.

जागा मिळाली ती वैभववाडीच्या जवळ. विनीता मॅडम म्हणून एक निवृत्त शिक्षिका होत्या, घाटाखाली त्यांची चार एकर गवताळ जमीन होती आणि लग्नाच्या वरातीतून सुटलेली एक म्हातारी घोडी होती. त्या आनंदाने तयार झाल्या. तुळसाची मुलगी सृष्टी कुडाळला नोकरीला होती. तिने फोनवर ऐकलं आणि म्हणाली, "बरा झाला गो आये. आता तरी स्वतःकडे बघ."

टेम्पो आला त्या दिवशी गुरुदासने आणि ड्रायव्हरने आधी प्रयत्न केले. घोडा फळीला पाय लावेना. शेवटी सगळे तुळसाकडे बघायला लागले. तिने दोर हातात घेतला. ती म्हणेल तर हा चढणार, हे तिला ठाऊक होतं, आणि तेच तिला नको होतं.

"जावचा आसा रे," ती म्हणाली. "मी येतंय तुझ्या वांगडा. थंय पोचासर येतंय."

ती फळीवर चढली. घोडा थांबला, फळी हुंगली, आणि तिच्या मागोमाग चढला. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, पुढे बसा." ती पुढे बसली नाही. कणकवलीपर्यंत आणि तिथून वैभववाडीपर्यंत, मागे पेंढ्यावर, घोड्याच्या पुढच्या पायांशी बसून गेली.

एक रात्र राहून परतायचं ठरलं होतं. पण दुसऱ्या दिवशी घोड्याने तुळसाशिवाय कुणाच्या हातचं खाल्लं नाही. विनीता मॅडम गूळ घेऊन गेल्या, गोड बोलल्या, हात पुढे केला, आणि घोड्याने त्यांचा कुर्ता फाडला. त्या घाबरल्या नाहीत, पण त्यांना वाईट वाटलं.

"मी तर त्याला द्यायलाच गेले होते."

"देतास खरा," तुळसा म्हणाली, "पण देताना तेच्याकडे बघत र्‍हवतास. तेना घेवक व्हया, तुमच्याजवळ येवक व्हया. तेका ता कळता. कायच नको म्हणान बसा थोडे दिस. वही तपासतास तशा."

"वह्या तपासून पाच वर्षं झाली," मॅडम हसल्या. पण दुसऱ्या दिवशी एक खुर्ची आणि वर्तमानपत्र घेऊन त्या गवतात जाऊन बसल्या, घोड्याकडे पाठ करून.

तुळसा राहिली. स्वयंपाकघरातल्या बाकावर झोपायची, सकाळी मॅडमबरोबर जायची. एकेक गोष्ट सांगायची. छत्री न्यायची नाही. राजा म्हणायचं नाही. पाठीवर हात ठेवायचा तर आधी मानेवरून आणायचा. मॅडम खरंच वहीत लिहून घ्यायच्या. आठव्या दिवसापासून तुळसा मुद्दामच मागे राहायला लागली. आधी बांधावर, मग अंगणात, मग घरातच.

अकराव्या दिवशी ती खिडकीशी तांदूळ निवडत होती. गवतात मॅडम उभ्या होत्या. त्यांचा आवाज इथवर आला, शाळेतल्यासारखा स्वच्छ आणि मालवणीत अडखळणारा. "हात लावतंय हां." घोड्याचा एक कान वळला. मॅडमनी हात पुढे केला, थांबल्या, मानेवर टेकवला. तो उभा राहिला.

तुळसाने सूप खाली ठेवलं. यासाठीच तर ती अकरा दिवस परक्या घरी राहिली होती. पण मी नसले तरी चालतं याला, एवढंच पुन्हा पुन्हा मनात येत होतं, आणि त्यात आनंद किती आणि बाकीचं किती, ते तिला सांगता आलं नसतं. थोड्या वेळाने तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि खडे काढायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बांधापर्यंत गेली. घोडा म्हाताऱ्या घोडीजवळ चरत होता. पाठीवरची जागा भरून तिथे पांढरे केस आले होते. त्याने मान वर करून तिच्याकडे बघितलं. दोन पावलं आला, थांबला. घोडी पुढे सरकली तसा तो तिच्या मागून गेला.

"जातंय रे," तुळसा म्हणाली. तिने आवाज चढवला नाही.

मॅडमनी तिला कणकवलीच्या गाडीत बसवून दिलं. खिडकीतून हात धरून त्या म्हणाल्या, "अडलं तर फोन करीन."

"करा," तुळसा म्हणाली. "सकाळचो करा. संध्याकाळी माका बोलूक कंटाळो येता."

गाडी सुटल्यावर तिने पिशवीतून मोबाइल काढला आणि सृष्टीला लावला.

"आये? खंय आसस तू? घराक गेलंस?"

"वाटेत आसंय. कणकवलीत उतरान तुझ्याकडेच येतंय."

"काय झाला?"

"काय नाय जावक. गुडघो दाखवचो आसा. आणि चार दिस र्‍हवतंय तुझ्याकडे." तिने जरा दम घेतला. "चाय तू करून दी माका. जेवण पण तूच कर. माका काय करूक सांगू नको."

"बरा," सृष्टी म्हणाली. "ये गो तू. मी स्टँडवर येतंय."

तुळसाने मोबाइल पिशवीत ठेवला, चप्पल काढून दुखरा पाय समोरच्या रिकाम्या जागेत लांब केला, आणि कंडक्टर तिकिटाला येईपर्यंत बाहेरची भातशेती बघत बसली.